बोलता न येणाऱ्या रुग्णाचे समुपदेशन : पुण्यातील एका कर्करुग्णालयाच्या सेवेचा आठ महिन्यांचा अनुभव

पुण्यातील एका धर्मादाय कर्करुग्णालयात रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासाठी समुपदेशन विभाग चालवला जातो. गेल्या ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे आठ महिने, माझ्या यजमानांनी आणि मी त्या विभागाची सेवा घेतली. रुग्णालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि विभागात माणसे इतकी मोजकी आहेत की नाव दिल्यास त्या तक्रारी दोन-तीन ठरावीक व्यक्तींच्या माथी बसतील. त्यांच्यापैकी कोणाच्याही कामात मला कुचराई दिसली नाही. जे उणे आहे ते सेवेच्या आखणीत आहे. माझे मत थोडक्यात असे की, जोवर हा विभाग न बोलावता आमच्या खाटेपाशी येत होता तोवर त्याने यजमानांना धरून ठेवले, आणि ज्या दिवशी ‘गरज पडली तर फोन करा’ असे सांगून आमची पाठवणी झाली त्या दिवसापासून तो आमच्यासाठी जवळजवळ बंद झाला.

यजमानांचे वय ५६. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात ते तीस वर्षे काम करतात आणि हळदीचे सौदे निघताना पुकारा करण्याचे काम त्यांच्याकडे असे. यार्डात त्यांना सगळे अण्णा म्हणतात आणि चार दुकाने पलीकडूनही त्यांचा आवाज ओळखतात. तंबाखूची सवय सतराव्या वर्षापासूनची. चुना लावून मळायची आणि डाव्या गालात धरायची. गेल्या जूनमध्ये जिभेच्या डाव्या कडेला एक फोड आली ती भरेना. दाढेची कड लागत असेल या समजुतीने ती कड घासून घेण्यात आणि मलमे लावण्यात दोन महिने गेले. तुकडा काढून तपासला तेव्हा कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रियेत जिभेचा जवळजवळ अर्धा भाग आणि मानेतील गाठी काढायच्या, मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसह आणून उरलेल्या जिभेला जोडायची, काही दिवस गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास आणि नाकातील नळीतून अन्न, आणि त्यानंतर सहा आठवडे रेडिएशन, असा उपचार ठरला.

समुपदेशक ताईंची पहिली भेट शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी झाली. आम्ही ती मागितली नव्हती, आणि अशी काही सोय असते हेही आम्हाला ठाऊक नव्हते. रक्त तपासणी, छातीचा फोटो, भूल देणाऱ्या डॉक्टरांची तपासणी अशी कामांची जी चिठ्ठी हाती दिली होती तिच्यात चौथ्या क्रमांकावर ‘समुपदेशन’ असे लिहिले होते. या एका ओळीचे महत्त्व मला नंतर कळले. ‘तुमच्या मनाला त्रास होत असेल तर आमच्याकडे या’ असे कोणी म्हटले असते तर यजमान जन्मात गेले नसते. आमच्याकडे मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे घराण्याला बोल लागणे, ही समजूत अजून गेलेली नाही. परंतु रक्त तपासणीच्या रांगेतून उठून पुढच्या खोलीत जायला त्यांना काहीच संकोच वाटला नाही.

त्या भेटीत त्यांच्यापुढे एक कागद ठेवण्यात आला. कागदावर तापमापकासारखी उभी पट्टी होती, तळाशी ० आणि वर १०. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्या आकड्यावर खूण करायची, आणि बाजूला छापलेल्या यादीत झोप, पैसा, मुलांची काळजी, वेदना, देवावरचा विश्वास यांपैकी जे लागू असेल त्यावर खूण करायची. मी महाविद्यालयात ग्रंथपाल असल्याने अशा गोष्टीचे मूळ शोधल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून नंतर वाचून काढले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी १९७७ मध्ये कर्करुग्णांसाठी मानसोपचार विभाग उभा केला आणि या शाखेची खऱ्या अर्थाने सुरुवात झाली. १९९८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या पुरुषांसाठी ही पट्टी वापरून पाहिली. नैराश्य, मनोविकार असे शब्द ऐकले की माणसे मिटून घेतात, ‘त्रास’ म्हटले की सांगतात, हा त्यामागचा विचार. साधारणपणे ४ किंवा त्याहून वरचा आकडा आला तर पुढे सविस्तर चौकशी करावी असे मानतात.

यजमानांनी २ वर खूण केली. शेजारी माझे धाकटे दीर उभे होते. समुपदेशक ताईंनी काहीही टिप्पणी न करता कागद ठेवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा सर्वांना बाहेर बसवून तोच कागद पुन्हा दिला. त्या वेळी खूण ८ वर होती. ज्या रुग्णालयांत ही पट्टी नातेवाइकांच्या गर्दीत भरून घेऊन फाईलला लावतात, तिथे तिचा काही उपयोग होत असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडचा कर्ता पुरुष भावासमोर, मुलासमोर त्रासाचा खरा आकडा सांगत नाही. ताईंना हे माहीत होते, आणि त्यांच्या कौशल्याची ही मला पटलेली पहिली खूण.

त्याच दिवशी दुसरा अवघड विषय निघाला. दिरांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आधीच गाठून सांगितले होते की, दादांपुढे कॅन्सर हा शब्द काढू नका, नुसती गाठ म्हणा, नाहीतर ते खचतील. हे प्रेमापोटीच होते, आणि खरे सांगायचे तर माझीही त्याला मूक संमती होती. समुपदेशक ताईंनी दिरांना दोष दिला नाही. ‘काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय सांगण्यात आले आहे, आणि आणखी किती जाणून घ्यावे असे तुम्हाला वाटते,’ असे त्यांनी यजमानांना एकट्याने विचारले. यजमान म्हणाले, दारावरची पाटी मला वाचता येते. पुढे त्यांनी असेही सांगितले की, घरच्यांना धक्का बसू नये म्हणून आपण काही कळत नसल्यासारखे वागतो आहोत. दोन्ही बाजूंनी एकमेकांना जपण्यासाठी हा पडदा धरला होता आणि त्याचे ओझे दोन्ही बाजूंना झाले होते. ताईंनी आम्हा तिघांना एकत्र बसवले आणि तो शब्द पहिल्यांदा यजमानांनीच उच्चारला. दीर रडले. त्यानंतर शस्त्रक्रियेपर्यंतच्या दोन दिवसांत आमच्या घरात जेवढे मोकळे बोलणे झाले तेवढे त्याआधीच्या दोन महिन्यांत झाले नव्हते, आणि ते यजमानांच्या स्वच्छ आवाजातले शेवटचे बोलणे होते. त्या दोन दिवसांचे मोल मला कोणत्याही मोजपट्टीवर मांडता येणार नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीची आणखी एक गोष्ट फार उपयोगी पडली. जाग येईल तेव्हा आवाज अजिबात निघणार नाही, तो गळ्यातील नळीमुळे, नळी निघाली की आवाज परत येईल, उच्चार मात्र बदललेले असतील, हे त्यांना आधी सांगून ठेवले होते. पाणी, दुखते, कफ काढा, उशी, घरच्यांना बोलवा अशा गरजांसाठी हाताच्या खुणा ठरवून त्यांची उजळणी करून घेतली होती, आणि घरून पाटी-पेन्सिल आणायला सांगितले होते. शेजारच्या खाटेवरील, दुसऱ्या ठिकाणी पहिली शस्त्रक्रिया झालेल्या एका गृहस्थांना हे कोणीच सांगितले नव्हते, आणि त्या वेळी जाग आल्यावर आवाज फुटेना तेव्हा आपला आवाज कायमचा गेला असे समजून त्यांनी नळी उपटण्याचा प्रयत्न केला होता, असे त्यांच्या पत्नीने मला सांगितले.

पाटीवरचे समुपदेशन कसे चालते हे मी लांबून पाहत होते. ताई एक प्रश्न विचारत आणि थांबत. यजमान लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत. अर्ध्या तासात सहा-सात वाक्ये होत. त्या मध्येच त्यांचे वाक्य पुरे करीत नसत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण आम्ही घरची माणसे दोन अक्षरे दिसली की घाईने अर्थ सांगून मोकळे होत होतो. चौथ्या दिवशी पाटीवर एकच शब्द आला, ‘चुकलो’. भेटायला येणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी ‘करावे तसे भरावे’ हे त्यांच्या समोरच ऐकवले होते. ताईंनी त्यावर खोटा दिलासा दिला नाही. तंबाखूमुळे हा रोग झाला असण्याची शक्यता फार मोठी आहे हे त्यांनी स्पष्ट सांगितले, परंतु सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिली चिमूट कोणी ठेवली, हमाली करणाऱ्या माणसांच्या संगतीत ती कशी सुटत नाही, निकोटीनचे व्यसन शरीरात काय करते, हेही तितक्याच शांतपणे समजावले. कारण आणि अपराध यांतला फरक त्यांनी त्या माणसाला स्वतः शोधू दिला. तंबाखू सोडल्यावर होणारी चिडचिड आणि झोपमोड हा व्यसनमुक्तीचा भाग आहे, स्वभाव बिघडलेला नाही, हे मलाही त्या वेळीच कळले. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक त्यांनी दिरांना दिला, कारण तंबाखूची डबी दिरांच्याही खिशात होती.

यापुढचा भाग लिहावा की नाही याचा मी बराच विचार केला आणि यजमानांची परवानगी घेऊन लिहीत आहे. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी ताईंनी त्यांना थेट विचारले की, जगू नये असे वाटते का, स्वतःला काही करून घेण्याचा विचार येतो का. मी बाहेर होते. नंतर त्यांच्याच संमतीने मला सांगण्यात आले की पाटीवर ‘रात्री येतो’ असे उत्तर आले होते. ऐकून माझे हातपाय गार पडले आणि पहिला राग ताईंवर आला, की असा प्रश्न विचारून त्यांनी नसते डोक्यात भरवले. तसे होत नाही, थेट आणि आपुलकीने विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट तो एकट्याने वाहण्याचे ओझे कमी होते, हे त्यांनी मला धीराने समजावले. तोंड आणि गळ्याच्या कर्करोगात हा धोका इतर अनेक कर्करोगांपेक्षा अधिक असतो, हे मी पुढे वाचले. चेहरा, बोलणे आणि जेवणे ही तिन्ही एकदम बदलत असतील तर ते समजण्यासारखे आहे. त्याच दुपारी मानसोपचारतज्ज्ञ येऊन गेले. त्यांनी झोप आणि भूक या दोन्हींना मदत करणारे मर्टाझपिन हे औषध निवडले आणि ते नळीतून कसे द्यायचे हे परिचारिकेला समजावले, कारण प्रत्येक गोळी कुटून देता येत नाही. घरात कीटकनाशके आणि गोळ्या कुठे ठेवायच्या हे माझ्याकडून वदवून घेतले. तीन आठवड्यांत झोप लागू लागली. समुपदेशन आणि औषध यांत कमी-जास्त ठरवण्याचा वाद त्यांच्याकडे नव्हता, ही मला मोठी जमेची बाजू वाटते.

डिसेंबरपासून रेडिएशन सुरू झाले. आमच्याकडे लोक त्याला शेक किंवा लाइट घेणे म्हणतात. सोमवार ते शुक्रवार अशा ३० बैठका, आणि आम्ही रुग्णालयाजवळ एक खोली घेऊन राहिलो. मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर गरम करून मऊ केलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा साचा घेतात आणि तो मुखवटा दररोज टेबलाला घट्ट बसवतात. पहिल्या दिवशी यजमान घाबरून उठले आणि बैठक रद्द करावी लागली. समुपदेशक ताईंनी पुढचे दोन दिवस त्यांना त्या यंत्राच्या खोलीत मोकळ्या वेळी नेले, मुखवटा आधी हातात दिला, मग न बांधता चेहऱ्यावर ठेवू दिला, मग बांधून एक मिनिट, मग तीन मिनिटे. हातात दाबायची घंटी दिली. श्वास मोजायला शिकवला, आणि मोजायचे काय हे यजमानांनी स्वतः ठरवले, हळदीची पोती. एका बैठकीला पोती किती होतात याचा त्यांचा हिशेब दुसऱ्या आठवड्यात पक्का झाला. औषध न देता, तीन दिवसांत, तासाभराच्या एकूण वेळात हे काम झाले. या एका कामासाठी तरी प्रत्येक रेडिएशन विभागात समुपदेशक नेमलेला असावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

आता उणिवा. रेडिएशनच्या सहा आठवड्यांत मूळच्या ताई प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी एकामागून एक तीन प्रशिक्षणार्थी आले. प्रत्येकाला पहिल्यापासून सर्व सांगावे लागले, आणि तोंडात फोड आलेल्या, पाटीवर लिहिणाऱ्या माणसाला पहिल्यापासून सांगणे म्हणजे काय हे त्या मुलांना कळत नसावे. आधीच्या नोंदी फाईलमध्ये होत्या, पण त्या इंग्रजीत आणि आकड्यांत. यांच्यापैकी एकाने अतिशय कळकळीने ‘काका, जे झाले त्याचा स्वीकार करा’ असे सांगितले. यजमानांनी त्याचा अर्थ ‘आता आशा सोडा’ असा घेतला आणि दोन दिवस नळीतून दूधही घेतले नाही. पुस्तकातला शब्द शब्दकोशातून मराठीत आणला की असे होते. मूळच्या ताई हाच आशय ‘हे नवे तोंड आहे, त्याची सवय लावून घेऊ’ अशा शब्दांत सांगत. ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्लाही विभागाने टाळावा. ज्या माणसाने आपल्याच अहवालात मानेतील एक गाठ पॉझिटिव्ह, म्हणजे रोग पोहोचलेली, असल्याचे वाचले आहे, त्याच्या कानाला तो शब्द कसा लागत असेल याचा विचार व्हायला हवा.

शिवाय या सल्ल्याच्या मुळाशी एक समजूत आहे, की मन खंबीर ठेवले तर रोग हटतो. १९८९ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात गटात बसून बोलणाऱ्या स्त्रिया अधिक काळ जगल्याचे दिसले आणि त्याची जगभर चर्चा झाली. २००१ मध्ये कॅनडातील मोठ्या अभ्यासात आणि पुढे स्पीगल यांच्या स्वतःच्या दुसऱ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मात्र कॅनडातील अभ्यासात त्या स्त्रियांचे मन आणि वेदना यांना आराम पडल्याचे दिसले. मी हे ताईंना विचारले होते तेव्हा त्यांनी सरळ सांगितले होते, ‘काकू, माझ्या बोलण्याने गाठ परत येण्याचे थांबणार नाही, मी फक्त हे दिवस कमी कठीण करू शकते.’ या प्रामाणिकपणामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मन खंबीर नव्हते म्हणून रोग उलटला, असा बोल पुढे कोणा रुग्णाला लागू नये, यासाठीही तो आवश्यक आहे.

जागेची अडचण गंभीर आहे. वॉर्डात पडद्याआड बोलावे लागते आणि पाटीवरचे लेखन शेजाऱ्याला दिसते. बाह्यरुग्ण विभागातील समुपदेशनाची खोली बिल भरण्याच्या खिडकीला लागून आहे, तिथे नावांचा पुकारा आणि पैशांवरून होणारी वादावादी भिंतीतून ऐकू येते. समुपदेशनाला वेगळे शुल्क नाही, मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटीचे शुल्क माफक आहे, याबद्दल तक्रार नाही.

नातेवाइकांसाठीच्या सेवेबद्दल मी थोडेच लिहिते, कारण ती थोडीच मिळाली. ताईंनी मला एकदा विचारले की, काकू, तुम्ही पोटभर शेवटचे कधी जेवलात. ज्या माणसाला घास गिळता येत नाही त्याच्यासमोर मी महिनाभर जेवले नव्हते, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्याने काहीतरी तोंडात टाकत होते, आणि हे मी कोणालाही सांगितले नव्हते. त्या एका भेटीनंतर माझ्यासाठी दुसरी भेट ठरली नाही. रुग्णाची फाईल असते, नातेवाइकाची नसते, हे त्याचे कारण.

सर्वांत मोठी तक्रार जानेवारीनंतरची आहे. उपचार संपल्याचा दिवस आनंदाचा मानला जातो. पेढे वाटून आम्ही सांगलीला आलो आणि त्यानंतरचे दोन महिने संपूर्ण आजारपणातील सर्वांत वाईट गेले. रुग्णालयात दररोज कोणीतरी तपासणारे, विचारणारे होते, घरी आल्यावर कोणी नव्हते. बाजारात हळदीचा हंगाम सुरू झाला, मुहूर्ताचे सौदे निघाले, मालकांनी मोठ्या मनाने बोलावले, पण यजमान घराबाहेर पडेनात. त्यांचे बोलणे आता बरेचसे समजते. अडतो तो ‘ळ’. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावे लागते, आणि ते टोक आता वळत नाही. तीस वर्षे ज्या मालाचा पुकारा केला त्या मालाचे नाव त्यांना घेता येत नाही. हे दुःख वाचा-उपचारतज्ज्ञांच्या तक्त्यात ‘एक ध्वनी अस्पष्ट’ इतकेच असते. मला ते समजायलाही महिना लागला. ते ‘ळ’ असलेला प्रत्येक शब्द टाळून बोलतात आणि त्यामुळे वाक्ये तोडतात, हे मार्चच्या तपासणीच्या वेळी रजेवरून नुकत्याच परतलेल्या ताईंनी दहा मिनिटांत ओळखले.

त्या दोन महिन्यांत विभागाकडून एकही फोन आला नाही. आमच्या हाती एक दूरध्वनी क्रमांक होता. ज्याला बोलता येत नाही त्याला ‘गरज पडली तर फोन करा’ असे सांगण्यातली विसंगती कोणाच्याच लक्षात आली नसावी, आणि त्यांच्या नकळत मी फोन करणे त्यांना मान्य नव्हते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकावरील मोफत मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिथे मराठीतून बोलता येते, आणि एका रात्री मी स्वतःसाठी तिचा आधार घेतला. पलीकडच्या व्यक्तीने शांतपणे ऐकून घेतले. परंतु तीही शेवटी बोलण्याचीच सेवा आहे. जीभ किंवा स्वरयंत्र गमावलेल्यांसाठी लेखी संदेशाची सोय असणे आपल्या राज्यात तरी अत्यावश्यक आहे, कारण तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होणाऱ्यांची संख्या येथे मोठी आहे. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, साधी तंबाखू आजही कोपऱ्यावर मिळते.

मार्चमध्ये ताईंनी आम्हाला दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरणाऱ्या रुग्णगटात बसवले. तोंड-गळ्याची शस्त्रक्रिया झालेले दहा-बारा जण असतात. सोलापूरहून येणारे एक निवृत्त वाहक आरसा समोर ठेवून घास उजवीकडे कसा सरकवायचा हे दाखवतात, आणि चारचौघांत जेवताना लाळ गळली तर काय करायचे हे त्यांच्याकडून ऐकणे आणि एखाद्या तज्ज्ञाकडून ऐकणे यांत फार फरक आहे. अनुभवी रुग्णांनी नव्या रुग्णांना भेटण्याची ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. मुंबईत व्ही केअर ही संस्था १९९४ पासून प्रामुख्याने याच कामासाठी उभी आहे, आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून रुग्णांना अनेक अंगांनी मदत करते. ज्यांचा रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे त्यांच्यासाठी पुण्यात वारजे येथे सिप्लाचे वेदनाशामक उपचार केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देते आणि तिथे कुटुंबाकडेही लक्ष दिले जाते. आमच्या गटाची एक उणीव अशी की तो पुण्यातच भरतो. सांगलीहून पहाटे निघून रात्री परतावे लागते, आणि ज्यांना रोजगार बुडवणे परवडत नाही असे लोक एकदा येऊन पुन्हा येत नाहीत.

या विभागात जाणाऱ्यांना माझे सांगणे असे की, शस्त्रक्रियेआधीची भेट टाळू नका, रुग्णाला एकट्याने बोलू द्या, त्याच समुपदेशकाकडे पुढची भेट द्यावी असा आग्रह धरा, आणि घरी सोडण्याच्या कागदांवर तपासणीच्या तारखेसोबत समुपदेशनाचीही तारीख लिहून घ्या. ती छापील नमुन्यात नसते, हाताने लिहून घ्यावी लागते. आम्ही ती घेतली नाही.

पाच ताऱ्यांपैकी शस्त्रक्रिया आणि रेडिएशनच्या काळातील सेवेला मी साडेचार तारे देते, उपचारानंतरच्या सेवेला दीड. एप्रिलमध्ये मी रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी अर्ज दिला. उपचार संपल्यावर पहिले तीन महिने विभागाने आपणहून दर पंधरवड्याला चौकशी करावी, बोलता न येणाऱ्यांसाठी एक मोबाइल क्रमांक केवळ लेखी संदेशांकरिता ठेवावा, आणि नातेवाइकाची स्वतंत्र फाईल असावी, अशा तीन मागण्या त्यात आहेत. दुसरी मागणी मे महिन्यात मान्य झाली. आता यजमान मंगळवारी आणि शुक्रवारी ताईंना लिहितात, आणि उत्तर त्याच दिवशी येते. उरलेल्या दोन मागण्यांवर विचार चालू असल्याचे पत्र आले आहे. पुढे काही ठरले तर त्याची भर मी या लेखनात घालीन.